हमिंग काढण्याची रीत

शनवारा, बऱ्हाणपूर
१२ जानेवारी २०२५

चि. नितीनला आप्पाचे आशीर्वाद.

जेलच्या जाळीपलीकडून ओरडून बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. मला तिथे अर्धं ऐकू येत नाही आणि तू चिडतोस. एकतीस वर्षं कागदाच्या मशीनजवळ घासलेले कान आहेत, त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नकोस.

पोलिसांनी तुझ्या वर्कशॉपचं सील मागच्या सोमवारी काढलं. मी फिनाईल टाकून फरशी तीनदा धुतली, पण टेबलाच्या पायाशी डाग आहे तो जात नाही. भूपेंद्र आपला जावई, योगिताचं कुंकू, आणि त्याचं रक्त मी खराट्याने घासत होतो. खरं सांगतो, दुःखापेक्षा संताप जास्त होता. काय गरज होती या माणसाला भरदुपारी दारू पिऊन, हातोडा उचलून माझ्या पोराच्या अंगावर यायची? तू ढकललंस, तो पडला, खाली ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोपरा डोक्याला लागला, जागच्या जागी गेला. यात तुझं काय चुकलं? योगिताला हे पटत नाही. तेराव्याला चांदनीत तिच्या सासरच्या अंगणात, चारचौघांत, मी तिला खोटारडी म्हणून आलो. तेव्हापासून माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. मीही जात नाही.

आता कामाचं. तुझा जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा कन्व्हर्टर टेबलावर उघडा पडलाय. कार्डावर आकड्यांत साठवलेलं गाणं त्यात घातलं की पुन्हा गोड आवाज होऊन बाहेर येतं, असं तू मला शिकवलं होतंस. कपाटावर तुझा रेकॉर्डरही सापडला, बॅटरी मेलेली. त्यातल्या कार्डावर तुझ्या ट्रायली आहेत, एक ते तेवीस. व्हॉल्व्ह बदलला की तेच गाणं लावायचं, खोलीतला आवाज रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी ताळा घ्यायचा, ही तुझी रीत मला माहीत आहे. आणि गाणं नेहमी तुझ्या आईचंच. कौशल्या मिलच्या क्वार्टरमध्ये पापड लाटताना स्वतःच जुळवून म्हणायची ते, ‘लेक गेली चांदनीले, रूळ वाजे अंगणात’.

मला ते ऐकायचं आहे. तिला जाऊन चार वर्षं झाली, बाकी आवाज आठवतो पण तिचा आवाज आठवत नाही. मोबाईलवर लावलं तर डब्यातून बोलल्यासारखं येतं. कन्व्हर्टरला लावलं तर भयंकर हमिंग. तू व्हॉल्व्हच्या फिलामेंटला स्कूटरची बॅटरी लावायचास, ती आणि मूळ गाण्याचं कार्ड पोलिसांनी नेलं, म्हणून मी ट्रान्सफॉर्मरचा एसी करंट सरळ जोडला. तिथेच गफलत असणार. कसं काढू ते लिही. सोल्डरिंगला माझा हात अजून स्थिर आहे.

आप्पा


जिल्हा जेल
२१ जानेवारी २०२५

ती. आप्पांना नमस्कार.

फिलामेंटला एसी लावला तर हमिंग येणारच, तुम्ही तर इन्स्ट्रुमेंट सेक्शनचे माणूस, हे कसं केलंत? पण चला. तशीही बॅटरी मला काढायचीच होती, तो अपग्रेड राहिलाच होता. तुम्ही करा.

उजव्या ड्रॉवरमध्ये चार डायोडचा ब्रिज आहे, मोठा कंडेन्सर आहे आणि रेग्युलेटर आहे. एसी ब्रिजमध्ये घ्या, कंडेन्सरवर गाळा, रेग्युलेटरमधून फिलामेंटला द्या. मीटरवर सहाच्या थोडं वर येईल, तेवढंच ठेवा. अर्थच्या सगळ्या तारा सोडवून एकाच बोल्टवर आणा, दोन ठिकाणी अर्थ असेल तर गुणगुण जाणार नाही. व्हॉल्व्हच्या प्लेटला अडीचशे व्होल्ट आहेत आणि स्विच बंद केला तरी कंडेन्सर भरलेला राहतो. आधी मीटरने शून्य बघा, मगच हात घाला, आणि डावा हात खिशात ठेवा. मला तुमचंही तेरावं ऐकायचं नाही.

इथलं काय सांगू. माझ्या शेजारी असीरगढचा कडू नावाचा म्हातारा झोपतो, तो बरा आहे. पण पलीकडे एक जण होता, जेवताना चमच्याने थाळी वाजवायचा. सारखा. एकाच तालात नाही, मध्येच चुकवून. मी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचं बोट धरून मागे वाकवलं, मोडेपर्यंत. त्याच्या माणसांनी मला नळाजवळ घेरून थाळीच्या कडेने मारलं, भुवईला पाच टाके आहेत. आता तो डाव्या हाताने जेवतो. आवाज नाही.

ट्रायली माझ्या आठवणीने बावीसच आहेत. तेवीस नंबर चुकून चालू राहिला असेल, खराब आहे तो. डिलीट करा. ऐकत बसू नका.

चुडामण वकील म्हणाले, एप्रिलमध्ये तुमची साक्ष आहे. भूपेंद्र आधीही मला धमकी देऊन गेला होता, एवढं तुम्ही सांगायचं आहे. शवविच्छेदनात डोक्याला तीन जखमा निघाल्या. एक टेबलाची, एक ट्रान्सफॉर्मरची, एक फरशीची. पडताना लागतात.

नितीन


शनवारा, बऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. नितीनला आशीर्वाद.

टाके पडले तर पडले, पण चमच्यापायी माणसाचं बोट मोडतोस? सुनावणी तोंडावर आली आहे. थोडी अक्कल गहाण ठेवली असशील तर सोडवून आण.

ब्रिज बसवला. दोन दिवस लागले, कारण पहिल्यांदा एक डायोड उलटा लावला आणि तो फट्कन फुटला. माझा चष्मा होता म्हणून डोळा वाचला. अर्थ एका बोल्टवर आणली. नितीन, काय सांगू तुला, हमिंग बारा आणे गेलं. मी हेडफोन लावला आणि तुझी आई माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहिली. लाटणं फिरल्याचा आवाजसुद्धा येतो. मी स्टुलावर बसून हुंदके देऊन रडलो, लाज वाटायचं काही कारण नाही.

तेवीस नंबर मी डिलीट केला नाही. मिलची सवय आहे, तपासल्याशिवाय काही भट्टीत टाकायचं नाही. आणि बरं झालं. बाकी सगळ्या ट्रायली तू दोन-दोन मिनिटांत बंद केल्या आहेस, या एकाच ट्रायलीत गाणं शेवटपर्यंत आहे, साडेसात मिनिटं. कौशल्याचं शेवटचं कडवं दुसऱ्या कुठेच नाही.

फक्त त्यात दोष आहेत. मशीनवर करायचो तसं लॉगबुक केलं आहे. सुरुवातीपासूनच करवत ओली लाकडं कापते तशी घरघर आहे, येते-जाते, येते-जाते. दोन मिनिटं दहा सेकंदांवर काही घासल्याचा आवाज. तीन मिनिटं चाळीसवर ठप्. लगेच पुन्हा ठप्. त्यानंतर करवत बंद, उरलेलं गाणं स्वच्छ आहे. हा दोष व्हॉल्व्हचा की सॉकेटचा? बाकीच्या बावीस ट्रायलींत नाही, म्हणून विचारतो. थोडं फाइन-ट्यूनिंग करून निघेल असं वाटतं.

शेजारची गोदाबाई परवा दारात उभी राहून म्हणत होती, ‘त्या दिवशी आधी आरडाओरडा झाला, मंग लई टाइम कौशल्याबाईचं गाणं वाजत व्हतं, मंग तुमचा पोरगा भायेर आला.’ मी तिला म्हटलं, तुझे कान माझ्यापेक्षा गेलेत. गेली तोंड वाकडं करून.

आप्पा


जिल्हा जेल
१७ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

मी डिलीट करा म्हणालो होतो. एक साधी गोष्ट तुमच्याने होत नाही का?

घरघर व्हॉल्व्हची आहे. जुना रशियन व्हॉल्व्ह आहे तो, आतली जाळी सैल झाली की खोलीतला प्रत्येक धक्का पकडतो. ठप् म्हणजे सॉकेट ढिलं. एवढंच आहे. तुम्हाला समाधान हवंय ना, तर करा. सॉकेटच्या पिना स्पिरिटने पुसा, सुईने आवळा. व्हॉल्व्हला बाहेरून रबराची रिंग चढवा. बाहेर जाणारे दोन कंडेन्सर बदला, पिवळे मोठे आहेत ते लावा. मग दोन्ही बाजूंच्या प्लेटचे व्होल्टेज सारखे येईपर्यंत छोटा स्क्रू फिरवा, एकेक केस फिरवायचा, घाई नाही. तासभर गरम होऊ द्या आणि पुन्हा मोजा. एवढं केलंत की एक ते बावीस नंबर ऐका. आई तिथे पण आहे.

तेवीस नंबर काढून टाका. हात जोडून सांगतो. आणि ऐकलं नाहीत तर मग मला बाप म्हणून तोंड दाखवू नका.

गोदाबाईला म्हणावं, साक्षीला उभी राहिलीस तर वकील तुझी पिसं काढतील. आणि योगिता घरी आली तर दार उघडू नका. ती तुम्हाला फोडायला येईल. ती लहानपणापासून तशीच आहे, माझी प्रत्येक गोष्ट तुम्हाला जाऊन सांगायची आणि मग मी मार खायचो.

नितीन


शनवारा, बऱ्हाणपूर
२० मार्च २०२५

नितीन,

महिनाभर लिहिलं नाही. तुझी पत्रं जेलमध्ये उघडून वाचतात हे मला माहीत आहे, आणि तरी लिहितो आहे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पिना पुसल्या, आवळल्या, रिंगा चढवल्या, पिवळे कंडेन्सर घातले. स्क्रू एकेक केस फिरवत दोन्ही बाजू सारख्या आणल्या, त्याला चार दिवस गेले, कारण गरम झाल्यावर डावी बाजू पुन्हा सरकायची. शेवटी काटा हलेनासा झाला. हमिंग पूर्ण गेलं. हेडफोनमध्ये अशी शांतता की माझी नाडी मला ऐकू यायला लागली. तू फार मोठा कारागीर आहेस, हे मी आज लिहून ठेवतो, कारण पुन्हा लिहिणार नाही.

मग तेवीस नंबर लावला. मला वाटलं, आता घरघर गेली असेल. ती गेली नाही. ती जवळ आली. ती घरघर व्हॉल्व्हची नाही, भूपेंद्रची आहे. तो फरशीवर पडलेला आहे, तोंडात रक्त आहे आणि तो श्वास घेतो आहे, आणि तू गाणं लावलं आहेस.

मी पुढचं लिहितो, म्हणजे तुला ‘आप्पांना नीट ऐकू आलं नाही’ असं म्हणता येणार नाही. दोन मिनिटं दहावर तो सरकतो, त्याची चप्पल फरशीला घासते. मग म्हणतो, ‘नितीनभाऊ, पानी दे.’ थोडं थांबून, ‘योगिताले फोन लाव ना.’ मग तुझ्या आईची एक ओळ. मग पुन्हा, ‘योगिता,’ एवढंच. आणि मग तू. तू ओरडत नाहीस. हळू बोलतोस. ‘चूप बस. ऐकू दे मले.’ मग ते ठप्. तो तेव्हा ओरडतही नाही, लहान मुलाला दचकायला झालं की जसा आवाज निघतो तसा निघतो. मग दुसरं ठप्, आणि हाड फुटल्याचा आवाज. मिलमध्ये रोलरखाली एका हेल्परचा हात आला होता, तो आवाज मला माहीत आहे. त्यानंतर पावणेचार मिनिटं तुझी आई एकटी गाते आणि तू शेवटपर्यंत ऐकतोस.

तो जागच्या जागी गेला नव्हता. तू धावत गेला असतास तर शनवाऱ्याच्या नाक्यावर दवाखाना आहे. तू माझ्या तोंडावर, पोलिसांच्या तोंडावर, त्याच्या प्रेतासमोर खोटं बोललास, आणि त्या खोट्यापायी मी माझ्या विधवा पोरीला चारचौघांत खोटारडी म्हटलं. माझ्या हातात तू सापडला असतास तर त्याच ट्रान्सफॉर्मरने मी तुझं डोकं फोडलं असतं, हे लिहितो आहे आणि यातला एकही शब्द मी खोडणार नाही.

मी कॉटवर आडवा झालो आणि मला तुझं ते वाक्य कुठून आलं ते आठवलं. तू नऊ वर्षांचा होतास, माझा रेडिओ उघडून ठेवला होतास. मी मिलच्या पट्ट्याच्या तुकड्याने तुला बडवलं, रेडिओ जोडला, बातम्या लावल्या. तू कोपऱ्यात मुसमुसत होतास. मी पुन्हा पट्टा उचलला आणि म्हणालो, ‘चूप बस, ऐकू दे मले.’ पाठीवर मारलं, तोंडावर मारलं. तू गप्प झालास आणि मी बातम्या ऐकल्या. हे माझं पाप आहे. ते मी योगितालाही सांगितलं.

हो, तिच्याकडे गेलो. पॅसेंजरने चांदनीला उतरलो. ती केळीच्या बागेत होती. मी सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. तिने पायाशी पडलेला पाण्याचा तांब्या उचलून माझ्या तोंडावर मारला. खालचा एक दात पडला. मी उभाच राहिलो. दुसऱ्यांदा मारायला तिने हात उचलला आणि मग खाली बसली, आणि तिथल्या मातीवर दोन्ही हातांनी मारत राहिली, नखं तुटली तरी. तिचा मोहित धावत आला तेव्हा तिने त्याला एवढंच विचारलं, ‘आजोबाले पानी दिलं का?’

मी आता चांदनीतच राहतो आहे. घराला कुलूप आहे, पत्र लिहायला आणि तुझ्या कन्व्हर्टरचा डबा पुसायला तेवढा इथे येतो. कार्ड मी पोलिसांकडे दिलं, पावती घेतली. अठरा एप्रिलला माझी साक्ष आहे. चुडामण वकिलांना सांगितलं, मी उभा राहीन, पण तुमच्या बाजूने नाही. जे ऐकलं ते बोलेन.

तुला एकच विचारतो. तो जिवंत आहे हे बघूनही तू गाणं कसं लावलंस?

यशवंत


जिल्हा जेल
२ एप्रिल २०२५

ती. आप्पांना नमस्कार.

हे पत्र जेलरसाहेब वाचतील. वाचू देत. चुडामण वकिलांनाही मी सांगितलं की हातोड्याची गोष्ट आता नको.

हातोडा त्याच्या हातात नव्हता. तो प्यायलेलाही नव्हता. योगिताने तुमच्यासाठी दिलेले केळीचे वेफर्स घेऊन आला होता, तुम्ही लग्नाला रावेरला गेला होतात हे त्याला माहीत नव्हतं. मीच त्याला बसवलं. जुना व्हॉल्व्ह लावून आईचं गाणं ऐकवलं, मग नवा लावून ऐकवलं. आठ महिने मी ती जोडी शोधत होतो. तो हसला आणि म्हणाला, ‘नितीनभाऊ, मले तं दोन्ही सारखंच वाटतं.’ मग रुमालात धरून नवा व्हॉल्व्ह बघायला म्हणून उपटला, गरम होता, हातातून सुटला आणि फुटला. मी त्याच्यावर ओरडलो, तरी तो हसतच होता, ‘अरे, दुसरा येईल ना.’ ट्रान्सफॉर्मर माझ्या हाताशी होता. पहिला मी तेव्हा मारला. मागून.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो पडल्यावर मला पहिला विचार आला तो मशीनचा. चालू मशीनमधून व्हॉल्व्ह उपटला होता, कन्व्हर्टर गेला की काय. मी ड्रॉवरमधून तिसरा व्हॉल्व्ह काढला, बसवला, गरम होऊ दिला आणि गाणं लावलं. रेकॉर्डरचं बटण हाताने आपोआप दाबलं असेल, मला खरंच आठवत नाही. तुमच्या पत्रात तेवीस वाचलं तेव्हा कळलं.

तुमचं पाप म्हणू नका. मारताना तुमचा हात कापायचा, मी बघायचो. माझा नाही कापला. व्हॉल्व्हच्या नऊ पिना मी एका दमात सॉकेटमध्ये बसवल्या.

कडूला मी हे सगळं सांगितलं. त्याने आपली पथारी उचलली आणि दाराजवळ जाऊन झोपला.

कोर्टात ते कार्ड लॅपटॉपवर वाजवतील. त्यावर फक्त आईचं गाणं ऐकू येईल आणि दोन ठोके, आणि वकील म्हणतील दार आपटलं. डबा घेऊन जा. तासभर आधी गरम करा, हेडफोन जजसाहेबांना द्या.

आणि तुमच्या लॉगबुकात एक चूक आहे, साक्षीच्या आधी सुधारून घ्या. तो योगिताचं नाव तीनदा घेतो, दोनदा नाही. पहिल्यांदा एक मिनिट पन्नासवर, जिथे आईचा आवाज वर चढतो त्याच्या खाली, म्हणून तुम्हाला सापडलं नसेल. मला तेव्हा खोलीत स्वच्छ ऐकू आलं होतं.

नितीन